आवाजाचे माप : तबकडीपासून आकड्यांपर्यंत

रत्नागिरीला पुस्तके जपून ठेवण्याची सवय जुनी आहे. येथील नगर वाचनालय १८२८ साली निघाले, म्हणजे मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच्या पंचवीस वर्षे आधी. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाने काय लिहिले ते आपणांस आज वाचता येते. पण तो माणूस बोलत कसा होता, कोणत्या शब्दावर थांबत होता, हे कोणालाही सांगता येत नाही. अक्षर राहिले, आवाज गेला. आवाज धरून ठेवण्याची विद्या मनुष्याच्या हाती आली ती १८७७ साली, एडिसनच्या फोनोग्राफबरोबर. त्या विद्येचा इतिहास, आणि विशेषतः आवाजाचे आकडे करून ठेवण्याचा तिचा अलीकडचा टप्पा, हा आमच्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा आम्ही दहावीत सोडली आणि पुढचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत घालविले. जे काही भौतिकशास्त्र आम्हांस येते ते वाचनालयाच्या बाकावर बसून मिळविलेले आहे. मग हा विषय आम्ही का घ्यावा? त्याचे कारण एक चूक आहे, आणि ती आमची स्वतःची आहे.

आमचे वडील मुंबईच्या गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते, आणि त्यांत आपल्या कोकणच्या माणसांचा भरणा मोठा होता. वडिलांबरोबर त्यांच्या खात्यात काम केलेले एक गृहस्थ संपानंतर गावी परतले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. २००९ साली आम्ही त्यांच्या पडवीत बसून त्यांची हकीकत मोबाईलवर मुद्रित केली. मोबाईलमध्ये जागा थोडी होती. जागा वाचावी म्हणून आम्ही आवाजाचा दर्जा सर्वांत खालचा ठेवला. काका दोन तास बोलले. शेवटी आवाज उतरवून त्यांनी एक गोष्ट सांगितली: संप लांबल्यावर त्यांच्या खात्यातली किती माणसे फाटकातून आत कामावर गेली, ती. घरी येऊन ऐकतो तो त्या ठिकाणी 'आठ माणसं' ऐकू येते की 'साठ माणसं', हे कळेना. दहा वेळा ऐकले, दुसऱ्यांना ऐकविले. निम्म्यांनी आठ म्हटले, निम्म्यांनी साठ. पुन्हा जाऊन विचारू असे म्हणत आम्ही चालढकल केली आणि २०११ साली काका गेले.

आठ आणि साठ यांत फरक एका 'स'चा आहे. पण एका खात्याच्या अब्रूचा प्रश्न त्या 'स'मध्ये आहे. तो 'स' गेला कोठे, याचा शोध घेता घेता आम्ही या विषयापर्यंत येऊन पोचलो.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गोहरजान वगैरे कलावंतांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलावयाची आणि मेणात तिची नागमोडी रेघ उमटावयाची. रेघ म्हणजेच आवाज. हवेत जशी कंपने झाली तशीच वळणे रेघेत आली. यात मोजमाप कोठे नाही, नक्कल आहे. पण नकलेलाही मर्यादा होत्या. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तास-दीड तास चालणारा ख्याल तीन मिनिटांत कसा बसवावा? अनेकांनी बसविला. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या छोट्या तबकड्या आजही लोक कान देऊन ऐकतात. उलट कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले ते आपली गायकी तबकडीवर न ठेवताच. त्यांची गायकी आपण ऐकतो ती त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. कर्ण्याला न ऐकू येणारे बारीक आवाज आता रेघेत येऊ लागले. पुढे चुंबकीय फीत आली, लांब वाजणारी तबकडी आली. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर या अल्लादियाखाँसाहेबांच्याच शिष्या. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत घालून अमेरिकेने अंतराळात पाठविली. दोन्ही याने सुटली ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि केसरबाई त्याच सप्टेंबरमध्ये वारल्या. आपल्या रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्रही १९७७ चेच. येथवरचा सारा कारभार नकलेचा होता. व्हॉयेजरवरची तबकडीसुद्धा नागमोडी रेघेचीच आहे.

आता मोजमापाकडे वळू. आवाजाची नक्कल न करता त्याचे आकडे करावेत, ही कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्‌ज या इंग्रज अभियंत्यास १९३७ साली पॅरिसमध्ये सुचली. तो टेलिफोनच्या धंद्यात होता. लांब तारेवरून जाताना आवाजात खरखर मिसळे, आणि आवाज मोठा करावा तर खरखरही मोठी होई. त्याने विचार केला की आवाजाऐवजी आवाजाचे माप पाठवावे. तारेवर कितीही गोंधळ झाला तरी 'टिंब आहे की नाही' एवढे ओळखता आले म्हणजे आकडा जसाच्या तसा पोचतो. विचार खरा होता. त्या काळची यंत्रे मात्र त्याला पुरी पडण्यासारखी नव्हती.

माप घ्यावयाचे म्हणजे दोन प्रश्न येतात. किती वेळा मोजावयाचे, आणि किती बारीक मोजावयाचे? सगळा विषय या दोन प्रश्नांत आहे. आपण मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभे आहो आणि भरती-ओहोटीची नोंद करावयाची आहे, अशी कल्पना करा.

पहिला प्रश्न वेळेचा. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. एखादा शहाणा दर बारा तास पंचवीस मिनिटांनीच धक्क्यावर जाऊ लागला, तर त्याला पाणी नेहमी एकाच पातळीवर दिसेल, आणि समुद्र मुळी हलतच नाही असे तो लिहून ठेवील. दुसरा कोणी रोज सकाळी सातलाच गेला, तर भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे सरकत असल्यामुळे, एक भरती ओसरून पुन्हा येण्यास पंधरा दिवस लागतात असे त्याच्या वहीवरून दिसेल. त्याने खोटे काही लिहिले नाही. प्रत्येक माप खरे आहे. तरी निष्कर्ष खोटा आहे, कारण मापे विरळ आहेत. सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते तेही याच कारणाने. भरती खरी कळावयाची तर एका भरतीच्या काळात दोनाहून अधिक वेळा मोजले पाहिजे. हा नियम नायक्विस्टच्या १९२८ च्या आणि शॅननच्या १९४९ च्या लेखांनी पक्का झाला. आवाजाला तो लावला म्हणजे असे होते: सेकंदाला जितकी कंपने धरावयाची, त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले पाहिजे. या मोजण्याच्या वेगालाच सॅम्पल रेट म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन मापांच्या मधला आवाज गहाळ होतो आणि उरतो तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा खडबडीत आवाज, असे चित्र पुष्कळ ठिकाणी काढलेले असते. ते बरोबर नाही. मर्यादेच्या आतली कंपने असतील तर मधली वळणे मापांवरून पुरतेपणी पुन्हा काढता येतात. मर्यादेच्या वरची कंपने मात्र मोजण्याआधीच गाळून टाकावी लागतात. नाही तर सकाळी सातच्या भरतीप्रमाणे ती भलत्याच रूपाने आवाजात घुसतात.

दुसरा प्रश्न बारकाईचा. धक्क्यावर जी काठी रोवली तिच्यावर हाताहातावर खुणा आहेत, की विती-वितीवर, की बोटाबोटावर? हातावरच्या खुणा असतील तर मोठी भरती कळेल, पण बारीक लाट दोन खुणांच्या मध्येच राहील आणि वहीत येणार नाही. आवाजाच्या काठीवरील खुणा किती, हे बिटांनी ठरते. एक बिट वाढली की खुणा दुप्पट होतात. आठ बिटांत २५६ खुणा, सोळा बिटांत ६५,५३६, आणि चोवीस बिटांत १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. प्रत्येक बिटेमागे मोठ्यात मोठा आवाज आणि मापाच्या चुकीची खरखर यांतील अंतर सुमारे सहा डेसिबलने वाढते. म्हणजे सोळा बिटांना सुमारे ९६, चोवीस बिटांना सुमारे १४४. प्रत्यक्षात चांगल्यात चांगली यंत्रेही १२० च्या आसपास थकतात; तेव्हा चोवीसातल्या शेवटच्या काही बिटा कागदावरच राहतात, हेही सांगितले पाहिजे.

ही मापे निरनिराळ्या काळी कोणी आणि कशी ठरविली, हा भाग आम्हांस सर्वांत उद्‌बोधक वाटतो. अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ साली टेलिफोनसाठी आकड्यांची पद्धत सुरू केली. सेकंदाला ८,००० मापे घ्यावयाची असे ठरले. पुढे जगभर रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक माप आठ बिटांचे, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिटा. आठ हजार मापे म्हणजे चार हजारांच्या आतली कंपने. माणसाचा कान वीस कंपनांपासून तारुण्यात वीस हजारांपर्यंत ऐकतो, पण कंपनीला गाणे पोचवावयाचे नव्हते. बोलणे समजले की पुरे होते. एकाच तारेत जास्तीत जास्त संभाषणे बसावीत, हा हिशेब होता.

आणि येथेच आमचा 'स' सापडला. 'अ', 'आ' हे स्वर खालच्या कंपनांत असतात. 'स' हा नुसता वाऱ्याचा आवाज. त्याचा बहुतेक जोर चार हजार कंपनांच्या वर असतो. आठ हजार मापांच्या चाळणीतून तो खाली पडतो. फोनवर नाव सांगताना "सशाचा स" असे म्हणावे लागते ते याचमुळे. आमच्या मोबाईलने जागा वाचविण्यासाठी हेच टेलिफोनचे माप घेतले होते. काका 'साठ' म्हणाले असतील तर त्यांचा 'स' त्या यंत्राने मोजलाच नाही. आणि 'आठ' म्हणाले असतील तर तेथे काही नव्हतेच. दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात.

गाण्यासाठी आकड्यांचा उपयोग प्रथम जपानात झाला. तेथील नभोवाणी संस्थेने १९६७ साली बारा बिटांचे प्रायोगिक यंत्र केले आणि १९७२ साली डेनॉनने तेरा बिटांचे यंत्र ध्वनिमुद्रणात आणले. इतके आकडे साठविण्याजोगी फीत तेव्हा एकच होती, ती चित्रांची, म्हणजे व्हिडिओची. म्हणून आवाजाचे आकडे चित्राच्या ओळींत भरावयाचे ठरले. एका ओळीत तीन मापे, उपयोगाच्या ओळी २४५, आणि अशी ६० क्षेत्रे सेकंदाला. गुणाकार करा, ४४,१०० येतात. युरोपच्या चित्रपद्धतीत ओळी २९४ आणि क्षेत्रे ५०. तेथेही ४४,१०० च येतात. सीडीचा सुप्रसिद्ध आकडा तो हा. वीस हजार कंपनांच्या दुपटीहून थोडे अधिक माप हवे होते ही निसर्गाची अट. पण नेमके ४४,१०० हे व्हिडिओच्या यंत्राने ठरविले. बिटांविषयी फिलिप्सचे म्हणणे चौदाचे होते, सोनीचे सोळाचे. शेवटी सोळा ठरल्या. सीडी बाजारात आली ती ऑक्टोबर १९८२ मध्ये, जपानात. गिरणगावात तेव्हा संपाचा नववा-दहावा महिना चालू होता.

सीडीचा हिशेब सेकंदाला १४,११,२०० बिटांचा आहे. ते ओझे जड वाटले म्हणून पुढच्या दशकात एमपी-३ ची पद्धत आली. मोठ्या आवाजाच्या सावलीत जो लहान आवाज कानाला जाणवत नाही, तो गाळावा, असे तिचे तत्त्व. १,२८,००० बिटांच्या मापाने ओझे अकरावा हिस्सा झाले. गाणे ऐकण्यास हे चालते. पण जे गाळले ते परत मिळत नाही.

या साऱ्या इतिहासातून आम्ही काढलेला अर्थ असा. माप ठरविणारा काय ठेवावयाचे ते ठरवितो, आणि त्याच वेळी काय टाकावयाचे तेही ठरवितो. गिरणीच्या मस्टरवर माणूस आला-गेला याची नोंद होती. तो किती थकला याला रकानाच नव्हता. म्हणून मस्टर खोटे होते असे नव्हे. ते वेतनाच्या कामापुरते माप होते. टेलिफोनचे मापही आपल्या कामापुरते योग्यच आहे. दोष टेलिफोनचा नाही. निरोप देण्याच्या मापाने आम्ही इतिहास लिहून ठेवावयास गेलो, हा दोष आमचा.

मग इतिहासासाठी माप कोणते? ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुने ध्वनिमुद्रण आकड्यांत उतरविताना कमीत कमी सेकंदाला ४८,००० मापे आणि २४ बिटा घ्याव्यात असे सांगितले आहे, आणि ९६,००० घेतल्यास बरे. कोणी म्हणेल, माणसाला वीस हजारांवरचे ऐकू येत नाही, तर एवढे कशाला? ऐकण्यापुरते पाहिले तर ही शंका रास्त आहे. सीडीचे माप ऐकणाऱ्याच्या कानाला पुरते, आणि १,९२,००० चा आकडा दाखवून जे दुकानदार जास्त पैसे मागतात त्यांच्यापुढे खिसा सांभाळावा हे उत्तम. पण ऐकणे वेगळे आणि मुद्रित करणे वेगळे. बोलणारा केव्हा हसेल, केव्हा ओरडेल, हे आधी कळत नाही. आवाज मापाच्या काठीच्या वर गेला की त्याचा शेंडा छाटला जातो आणि कर्कश फाटलेला आवाज उरतो. म्हणून शहाणा माणूस वर जागा सोडतो. आता कोणी मोठ्यात मोठ्या मापाच्या साठ डेसिबल खाली पुटपुटला, तर सोळा बिटांत त्याच्या वाट्याला सहाच बिटा, म्हणजे ६४ खुणा येतात. चोवीस बिटांत त्याच पुटपुटण्याला चौदा बिटा, म्हणजे १६,३८४ खुणा मिळतात. माणसे महत्त्वाची गोष्ट बहुधा हळू आवाजात सांगतात, हा आमचा संघटनेतला अनुभव आहे. चोवीस बिटांचा खरा उपयोग त्या हळू आवाजासाठी आहे.

आपल्या महाराष्ट्रात या कामाचा एक मोठा धडा आहे. पुण्यात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोहोंचे जाणकार त्यांना मिळाले, आणि त्या बायांच्या आवाजाचे शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. आज ते जगात कोठूनही ऐकता येते. ओवी हे श्रमाचे गाणे आहे. कागदावर शब्द उरतात. जात्याच्या फेऱ्याबरोबर दम कोठे तुटतो आणि कोठे सांधला जातो, हे कागदावर येत नाही. गिरण्या आल्या, पिठाच्या चक्क्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. त्या आवाजांची वेळेवर नोंद झाली नसती तर पुढच्या पिढीला ओवी वाचता आली असती, ऐकता आली नसती.

आमच्या हातून जे झाले त्यावर आम्ही इलाज करून पाहिला. काकांचे ध्वनिमुद्रण एका जाणकाराकडे नेले. त्याने ते ९६,००० च्या मापात चढवून दाखविले. फाईल मोठी झाली, 'स' आला नाही. येणार कोठून? पाण्याची पातळी सकाळी सातला मोजून ठेवली, तर दुपारी बाराची पातळी नंतर वहीची पाने वाढवून मिळत नाही. त्या दिवशी आम्ही दर्जा वर ठेवला असता तर एका तासाला सुमारे ५२ कोटी बाइट लागले असते, म्हणजे आजच्या नखाएवढ्या कार्डाचा एक कोपरा. तेवढी जागा वाचविण्यासाठी आम्ही एका माणसाची साक्ष घालविली.

रत्नागिरीकरांनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गिरणीतून परतलेले आजोबा आहेत, जात्यावर बसलेल्या आजी आहेत, गलबतावर गेलेले काका आहेत. त्यांचे बोलणे मुद्रित करून ठेवा. करताना पंखा बंद करा, यंत्र तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. कारण लांब ठेवलेल्या यंत्राची चूक कितीही बिटा दुरुस्त करीत नाहीत. माप ४८,००० आणि २४ बिटांचे ठेवा. गाळलेली प्रत नातेवाइकांना पाठवा, पण मूळ प्रत गाळू नका, आणि ती दोन ठिकाणी ठेवा. शेवटची गोष्ट यंत्राची नाही. मुद्रण झाले की त्याच संध्याकाळी ते त्या माणसासमोर बसून एकदा ऐका, आणि जेथे शब्द कळला नाही तेथे लगेच विचारा: काका, आठ की साठ? आम्ही हे विचारण्यास दोन वर्षे लावली.